एचआयव्हीची लस सर्वांना सारखीच लागू पडेल?

प्रश्न : परदेशात एचआयव्हीची लस यशस्वी झाली, तर ती आपल्यालाही लागू पडेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. थायलंडमधील आरव्ही १४४ चाचणीत लसीने संसर्ग सुमारे ३१ टक्क्यांनी घटला, असे २००९ मध्ये दिसले. तशीच लस दक्षिण आफ्रिकेत तिथल्या विषाणूनुसार बदलून दिली. लाभ न दिसल्याने २०२० मध्ये ती थांबवावी लागली. हा दोष केवळ तिथल्या लोकांच्या वेगळ्या जनुकांचा म्हणता येणार नाही, विषाणूचा उपप्रकारही वेगळा होता.

जनुकांचा हात मात्र एका ठिकाणी स्वच्छ दिसतो. काही नव्या लसी प्रतिपिंडे बनवणाऱ्या ठरावीक बी-पेशींना जागे करतात. त्यासाठी आयजीएचव्ही१-२ जनुकाची विशिष्ट रूपे लागतात. अशा लसीच्या अमेरिकेतील पहिल्या चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत अपेक्षित पेशी आढळल्या. उरलेल्या व्यक्तीत ती रूपेच नव्हती. या रूपांचे प्रमाण लोकसमूहागणिक बदलते, तरी रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेतही बहुतेकांनी चांगला प्रतिसाद दिला. तेव्हा वंशावरून अंदाज बांधू नका. एकाच गावातल्या दोघांतही हा फरक असू शकतो. भारतातली पहिली एचआयव्ही लसचाचणी २००५ मध्ये पुण्यात सुरू झाली. नव्या लसींच्या चाचण्याही इथल्या लोकांवर व्हायलाच हव्यात. तोवर निरोध आणि नियमित तपासणी सोडू नका.