विज्ञानकथांची एक फळी

विज्ञानकथांचा नाद लागलेल्या विद्यार्थ्यानें स्वतःच्या संग्रहीं कोणतीं पुस्तकें ठेवावीं, असा प्रश्न आम्हांस वर्गांत वारंवार विचारण्यांत येतो. पालकांचा प्रश्न निराळा असतो. परीक्षेच्या अभ्यासांतून वेळ काढून असलीं पुस्तकें वाचावींच कशास, असें ते म्हणतात. दोहोंचें उत्तर एकाच लेखांत द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जागेचा विचार. कॅम्प ५ मधील पुष्कळ घरें दोन खोल्यांचीं. तेव्हां ग्रंथसंग्रह म्हणजे भिंतीवरची एक फळी. फर्निचरच्या ह्या गांवांत फळीस तोटा नाहीं. परंतु तीवर दहाबारा पुस्तकांहून अधिक मावणार नाहींत, आणि तेंच बरें. मुखपृष्ठावरील अग्निबाण पाहून पुस्तक घेऊं नये. लेबलावर विसंबून माल घेऊं नये, हें तर आमच्या गांवच्या मुलांस शिकवावें लागत नाहीं! खरी पारख अशी कीं, कथेंतील विज्ञान काढून घेतलें असतां कथा उभी राहते काय? राहत असेल, तर तें विज्ञान केवळ शोभेचें. पुस्तक वाचावें, पण फळीवरची जागा त्यास देऊं नये.

ह्या कसोटीस डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांच्या कथा सर्वांत अधिक उतरतात. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ ह्या टोपणनांवानें व पत्नीच्या हस्ताक्षरांत पाठविली, आणि तीस पहिलें पारितोषिक मिळालें. नांवाचीं आद्याक्षरें उलट क्रमानें वाचल्यास गंमत ध्यानांत येईल. ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह १९७९ सालचा. नारळीकर २० मे २०२५ रोजीं निवर्तले. नव्या वाचकानें आरंभ ह्याच संग्रहापासून करावा.

त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेपाशीं आम्ही थोडें अधिक थांबूं इच्छितों. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ह्यांस एका अपघातानंतर आपण भलत्याच जगांत आल्याचें कळून येतें. मुंबईच्या ग्रंथालयांत ते इतिहासाचे पांच खंड काढून वाचूं लागतात. चार खंडांत कांहीं फरक नाहीं. पांचव्यांत मात्र १७६१ च्या पानिपतावर मराठ्यांचा जय झालेला! विश्वासरावांस लागावयाची गोळी त्या जगांत चुकली, एवढेंच कारण. एकाद्या इलेक्ट्रॉनचा मार्ग आगाऊ निश्चित सांगतां येत नाहीं, ह्या पुंजविज्ञानाच्या तत्त्वावर लेखकानें ही सारी इमारत रचिली आहे.

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस पानिपत हा परक्या घरचा इतिहास वाटतो, हें आम्ही जाणतों. त्यांचें घराणें सिंधमधून आलेलें. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित कुटुंबें राहूं लागलीं, व १९४९ सालीं ह्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. ‘तसें घडलें नसतें तर?’ हा प्रश्न आजीआजोबांच्या तोंडून कधींच निघाला नाहीं, असें घर येथें विरळा. नारळीकरांची कथा हाच प्रश्न विज्ञानाच्या भाषेंत विचारते. पालकांनीं ती मुलांबरोबर वाचावी, आणि वाचून झाल्यावर घरांतील वडीलधाऱ्यांस बोलतें करावें. मराठी वाचनाचा सराव नसल्यास मुलानें ती मोठ्यानें वाचून दाखवावी.

नारळीकरांचीच ‘वामन परत न आला’ ही कादंबरी, बाळ फोंडके व लक्ष्मण लोंढे यांचे कथासंग्रह आणि शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’ हींही फळीवर असावींत. गोगटेबाईंची ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’ ही विज्ञानकथा नव्हे. परंतु आपल्या दारावरून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग पुढें घाट कसा चढला, हें ज्यास जाणावयाचें असेल त्यानें ती सोडूं नये.

आतां परीक्षेची काळजी करणाऱ्या पालकांसाठीं एक उदाहरण. ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ सालच्या कादंबरींत तीन माणसें तोफेच्या पोकळ गोळ्यांत बसून चंद्राकडे निघतात, भा. रा. भागवत यांनीं ती ‘चंद्रावर स्वारी’ ह्या नांवानें मराठींत आणिली. तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे सुमारें २७४ मीटर. पृथ्वी सोडण्यास सेकंदास सुमारें ११.२ किलोमीटर वेग हवा. हा वेग नळींतच, एकसारख्या त्वरणानें मिळाला असें धरावें. वेगाच्या वर्गास लांबीच्या दुपटीनें भागिलें असतां जें त्वरण निघतें, तें गुरुत्वत्वरणाच्या सुमारें तेवीस हजार पट भरतें. बिचारे प्रवासी तोफ सुटतांच चिरडून गेले असते! अग्निबाण आपला वेग मिनिटांमिनिटांनीं वाढवितो, म्हणूनच १९६९ सालीं अपोलो ११ मधील तिघे सुखरूप जाऊन आले. व्हर्ननें आपली तोफ फ्लोरिडांत ठेविली होती, आणि अपोलोही तेथूनच सुटलें.

एच. जी. वेल्स यांच्या अदृश्य मनुष्याच्या कादंबरींतही असेंच एक छिद्र आहे. ज्याचें सर्व शरीर पारदर्शक, त्याच्या नेत्रपटलावर प्रकाश थांबणार कसा? तो मनुष्य आंधळाच असावयास हवा. चांगल्या पुस्तकांतील चूक शोधून काढण्यांत जो आनंद आहे, तो पाठ्यपुस्तकाच्या घोकंपट्टींत आम्हांस तरी कधीं आढळला नाहीं.

सुबोध जावडेकर यांची ‘आकांत’ ही कादंबरी मोठ्या मुलांसाठीं. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें एका कारखान्यांतून विषारी वायु सुटून सहस्रावधि लोक मृत्युमुखीं पडले, तो तिचा विषय. ती भविष्यकाळाची कथा नव्हे. तथापि शेजारच्या अंबरनाथ व बदलापुरांत रसायनांचे कारखाने आहेत, आणि आमच्या गांवचे कित्येक कामगार तेथें पाळीवर जातात. त्या घरांतील मुलांनीं ती अवश्य वाचावी.

पैशाविषयीं थोडेंसें. ठाणें येथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं स्थापन झालेलें असून आगगाडीच्या वाटेवरच आहे. पुस्तक प्रथम ग्रंथालयांतून आणून वाचावें; परत करतांना जीव हळहळला, तरच विकत घ्यावें. फळीच्या शेवटीं चार बोटें जागा मोकळी सोडून तेथें एक साधी वही ठेवावी. तोफेचें वरील गणित तींत मांडून पाहावें, आणि आमच्या उत्तराशीं तुमचें उत्तर न जुळल्यास वही घेऊन वर्गांत यावें.