सौरघरातील ऊन, पाणी आणि चूल

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

सूर्याला अर्घ्य देणारा आपला समाज आता त्याच सूर्याकडे वीज मागू लागला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली आणि एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. तेव्हापासून गावोगावच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो. वीज घरचीच होणार, तर मग गॅस कशाला आणि पाण्याचा बंब तरी कशाला? प्रश्न सरळ आहे, पण उत्तर तितके सरळ नाही. प्रस्तुत लेखात ते आकड्यांच्या आधाराने शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. माझा विषय अर्थशास्त्र. विज्ञानाशी ओळख दहावीपर्यंतची. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे आकडे असलेला कोणताही कागद घरात आला की तो माझ्यापुढे येतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या माणदेशातल्या गावी एक विक्रेता असाच एक कागद देऊन गेला होता. त्यावर तीन किलोवॉटचे पॅनेल, एक गीझर आणि दोन इंडक्शन शेगड्या असा सगळा संच मांडलेला होता. कागद माझ्या हाती देत दादा म्हणाले, “तू शिकतोस ना? मग एवढंच सांग, एवढा पैसा घातल्यावर सिलिंडर सुटंल का?” शेतीच्या उत्पन्नातून साठवलेला पैसा एकदाच खर्चायचा असतो. म्हणून दहावीचे विज्ञानाचे पुस्तक पुन्हा उघडले, भौतिकशास्त्राच्या सरांना शंका विचारल्या आणि वहीत हिशेब मांडला. तोच येथे देत आहे.

किलोवॉट आणि युनिट

प्रथम दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. विहिरीवरच्या मोटारीची धार किती जाड, हा एक प्रश्न. हौद किती भरला, हा दुसरा. किलोवॉट म्हणजे धार आणि युनिट म्हणजे हौदातले पाणी. एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते. तीन किलोवॉटचा गीझर तेच युनिट वीस मिनिटांत संपवितो.

आपल्या भागात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे देते. आता घरचा खर्च पाहू. पाच दिवे, दोन पंखे आणि दूरदर्शन संच मिळून दिवसाला साधारण दोन युनिटे, आणि फ्रिजचे एक धरले तर तीन. म्हणजे एक किलोवॉटमध्ये घर उजळते, वारा मिळतो आणि थोडे उरतेही. गाडे अडते ते उष्णतेपाशी.

आंघोळीचे पाणी

घरात पाच माणसे. माणशी वीस लिटरची एक बादली धरली तर शंभर लिटर पाणी झाले. हिवाळ्यात हे पाणी वीस अंशांवर असते आणि आंघोळीला चाळीस अंश लागतात. एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. तेव्हा १०० × २० × ४.२ म्हणजे ८,४०० किलोज्यूल. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. भागाकार केला की उत्तर येते २.३ युनिटे. दिवे, पंखे आणि दूरदर्शन मिळून दिवसभरात जेवढे खातात त्याहून अधिक वीज सकाळच्या एका तासात न्हाणीघरात जाते!

येथे उपकरण बदलून फारसे साधत नाही. बादलीत टाकायचा रॉड असो की भिंतीवरचा गीझर, दोन्ही विजेची जवळजवळ सगळी उष्णता पाण्याला देतात. टाकीच्या गीझरवरचे तारे सांगतात ते एवढेच, की तापलेले पाणी तसेच राहिले तर ऊब किती कमी वाया जाते. पाणी तापविण्याचा मूळ खर्च त्यांनी घटत नाही. हवेतील उष्णता ओढून पाण्याला देणारा ‘हीट पंप’ मात्र साधारण एक तृतीयांश विजेत तेच काम करतो. पण त्याची किंमत पाहता तो वसतिगृहाला वा रुग्णालयाला शोभतो, आमच्या घराला नाही.

मग उपाय कोणता? ऊन मुळात ऊबच घेऊन येते. त्याची आधी वीज करावयाची आणि त्या विजेची पुन्हा ऊब करावयाची, हा द्राविडी प्राणायाम होय. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे पाच युनिटांइतके ऊन पडते. पॅनेल त्याचा जेमतेम पाचवा भाग विजेत बदलते. सौर बंब त्यातला जवळजवळ निम्मा भाग थेट पाण्यात उतरवितो. दोन चौरस मीटर छपरावर पॅनेल मांडले तर हाती दोन युनिटेही पुरती येत नाहीत. तेवढ्याच जागेत सौर बंब बसविला तर पाच युनिटांची ऊब मिळते.

सौर बंब दोन प्रकारचे असतात. एकात काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या असतात. दुसऱ्यात थर्मासप्रमाणे दुहेरी काचेच्या, मध्ये निर्वात पोकळी असलेल्या रुंद नळ्या. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. तपेल्याला महिन्याभरात पांढरा थर धरतो. अशा पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्या लवकर चोंदतात, म्हणून तेथे काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा. मात्र काच फुटू शकते आणि क्षार काढण्यासाठी तीही अधूनमधून साफ करावी लागते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते. त्यामुळे पंप लागत नाही. परंतु गार पाण्याची टाकी सौर बंबापेक्षा उंच हवी. आमची टाकी स्लॅबवरच टेकलेली असल्याने तिच्यासाठी लोखंडी घोडा करावा लागणार, हा खर्च विक्रेत्याच्या कागदावर नव्हता.

याला मर्यादाही आहेत. ढगाळ दिवसांत पाणी कोमटच राहते. माणदेशात असे दिवस थोडे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चार महिने दुसरी सोय ठेवावीच लागेल. नळ लांब असेल तर रोज आधी बादलीभर गार पाणी सोडावे लागते. आणि शहरातील ज्या इमारतीत आपल्या वाट्याला छपरच नाही, तेथे विजेवाचून मार्ग नाही.

चुलीचा हिशेब

सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याची एकूण उष्णता सुमारे १८० युनिटांइतकी भरते. गॅसच्या शेगडीवर त्यातील साधारण ६५ टक्के भांड्याला लागते, बाकीची आजूबाजूच्या हवेत जाते. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के भांड्याला मिळते. त्यावरून एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर करावयाचे तर अंदाजे १४० युनिटे लागतील. आमच्याकडे सिलिंडर दीड महिना पुरतो. म्हणजे दिवसाला तीन युनिटे.

इंडक्शनची शेगडी स्वतः तापत नाही. तिच्यातील वेटोळ्यातून निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण करते आणि बूड तापते. म्हणून भांडे लोखंडाचे किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलचे, आणि सपाट बुडाचे हवे. मी लोहचुंबक घेऊन आमची मांडणी तपासली. तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी तर बाद झालीच, पण स्टीलच्याही काही पातेल्यांना चुंबक चिकटले नाही. नवी भांडी हाही या निवडीचा खर्च आहे.

आईचे मत मी मुद्दाम विचारले, कारण शेगडीपुढे उभे राहायचे ते तिला. ती म्हणाली, “भात-आमटी कशावर बी होईल रे, पर भाकरी फुगाय जाळच लागतो.” बोलणे खरे आहे. सपाट लोखंडी तव्यावर भाकरी भाजते, परंतु तवा काढून ती विस्तवावर धरण्याची सोय इंडक्शनवर नाही. वांगे वा पापड भाजायचे तरी हीच अडचण.

शिवाय कोणतीही शेगडी घ्या, बचत आधी भांड्यापाशी होते. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता ते सगळे पाणी वाफ होऊन उडण्यास लागते. म्हणून झाकण, कुकर आणि डाळ आधी भिजत घालणे, ही तिन्ही साधने कोणत्याही यंत्राइतकीच मोलाची आहेत. पेटीसारखा सौर कुकरही विसरू नये. काळे तळ, वर काच आणि आरसा एवढ्यावर तो दोन-तीन तासांत वरण-भात शिजवितो आणि अन्न करपत नाही. मात्र भाकरी आणि रात्रीचा स्वयंपाक त्याच्या आवाक्याबाहेरचा.

वीज गेली तर?

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बॅटरी नसलेली, महावितरणच्या तारेला जोडलेली सौरयंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडते, मग वर कितीही लख्ख ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरील विजेचा झटका बसू नये, म्हणून तशी योजना केलेली असते. बॅटरी घेतली तर ही अडचण सुटते, पण खर्च वाढतो. आणि तीन किलोवॉटचा गीझर ओढण्याची ताकद लहान इन्व्हर्टरमध्ये नसते. गीझर आणि इंडक्शन एकाच वेळी लावले तर पाच किलोवॉट, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर प्रवाह होतो. जुन्या बारीक वायरीवर हा भार टाकणे धोक्याचे आहे.

दोन उदाहरणे

शिर्डीच्या साईबाबा संस्थानने २००९ साली प्रसादालयासाठी ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या बसविल्या. त्या उन्हाने वाफ तयार करून अन्न शिजविण्यासाठी होत्या. त्यात विजेचा फेरा नाही. उलट मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्याच्या बांचा या गावात, मुंबईच्या आय. आय. टी.ने रचना केलेल्या विजेच्या सौरचुली सुमारे पाऊणशे घरांत पोहोचल्या. तेथे पॅनेल आणि बॅटरी दोन्ही आहेत. एका ठिकाणी दुपारच्या उन्हात हजारोंचा वरण-भात हवा होता. दुसऱ्या ठिकाणी सरपणाची मोळी आणि धूर सुटायला हवा होता. गरज वेगळी म्हणून साधन वेगळे, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य.

निष्कर्ष

सगळे विजेवर चालवायचे तर आमची गरज ३ + २.३ + ३ म्हणजे दिवसाला आठ युनिटांच्या वर जाते. आंघोळीचे पाणी सौर बंबावर टाकले आणि भात, आमटी, दूध, चहा इंडक्शनवर घेऊन भाकरी गॅसवर ठेवली, तर साडेचार युनिटांत भागते. त्याला एक किलोवॉट थोडा कमी पडतो आणि दोन किलोवॉट पावसाळा धरूनही पुरतात. योजनेत दोन किलोवॉटला ६०,००० रुपये आणि तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अर्थसाहाय्य ठरले होते. अर्थसाहाय्य अधिक म्हणून यंत्र मोठे घ्यावे, हा विचार अर्थशास्त्राला धरून नाही. वरचा खर्च अखेर आपल्याच खिशातून जातो. दादांना मी उत्तर दिले, की सिलिंडर सुटणार नाही, पण दीड महिन्याचा तीन महिने पुरेल. पहाटे पाचला उठून तुराट्या घालून बंब फुंकणे मात्र आईचे सुटेल. घरात दोन किलोवॉट आणि शंभर लिटरचा सौर बंब असे ठरले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा कागद आज ना उद्या येईल. सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आपल्याला वीज किती हवी आणि ऊब किती? ती दिवसा हवी की रात्री? पाणी जड आहे की हलके? बाहेरची वीज गेल्यावर काय चालू राहील? उत्तरे घरागणिक वेगळी येतील, पण ती काढण्यास लागणारे गणित दहावीपलीकडचे नाही. आणि हिशेबाला बसताना चुलीपुढे उभी राहणारी व्यक्ती शेजारी बसवावी. तिच्या अनुभवातले आकडे कोणत्याही विक्रेत्याच्या कागदावर छापलेले नसतात.