तारकुंपण आणि जमिनीची निगा : गावात राहून करण्याजोगा धंदा

शेताला, बागेला किंवा मोकळ्या जागेला कुंपण घालून देणे आणि ती जमीन वर्षभर राखून देणे, या कामाला ग्रामीण महाराष्ट्रात दोन बाजूंनी गिऱ्हाईक आहे. विदर्भात रानडुक्कर आणि रोही, कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या डोंगरपट्ट्यात गवा उभे पीक आडवे करतो, म्हणून शेतकऱ्याला कुंपण हवे असते. मावळ, मुळशी, कर्जत, अलिबाग भागात जमिनी घेतलेले मालक शहरात राहतात. ते अधूनमधून फेरी मारतात, गवत मात्र कोणाची वाट पाहत नाही.

बारावी किंवा पदवीनंतरच्या चर्चेत हा पर्याय क्वचितच येतो. अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग यांची माहिती घरोघरी आहे. या शाखांनी जमले नाही की स्पर्धा परीक्षा हा ठरलेला मुक्काम. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा 38 वर्षे असल्याने ‘आणखी एक अटेम्प्ट’ म्हणायला जागा राहते. अर्ज लाखांत, पदे त्यामानाने मूठभर. पुण्यातली खोली, मेस आणि क्लास यांवर सलग चार-पाच वर्षे खर्च करणारे पालक त्याच मुलाने धंद्यासाठी निम्मी रक्कम मागितली, तर हात आखडता घेतात.

कुंपणाच्या कामाची सुरुवात मोजमापाने होते. नवखा माणूस एकरावर दर सांगतो आणि तिथेच फसतो. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. हे क्षेत्र चौरस असेल, तर परिघ सुमारे 835 फूट भरतो. तेच एकर शंभर फूट रुंदीची लांब पट्टी असेल, तर परिघ 1,071 फुटांवर जातो. दहा फुटांवर एक खांब धरला, तरी चोवीसेक खांब वाढतात आणि तार, खड्डे, मजुरीही त्याच मापाने. म्हणून दर नेहमी धावत्या फुटावर, जागा पायांखाली घालूनच सांगावा.

त्यानंतर माती. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पुरलेले खांब वर्षभरात कलतात. तिथे खड्डा खोल घेऊन काँक्रीट भरावे लागते. कोकणातल्या कातळात पहार चालत नाही, छिद्र यंत्राने पाडावे लागते. कोपऱ्याच्या खांबांवर ताणलेल्या तारेचा सगळा जोर येतो, म्हणून त्यांना टेकू हवाच. तारेचा गेज आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. स्वस्त दर दाखवून बारीक तार मारणाऱ्याचे नाव तालुक्यात लवकर खराब होते.

सौर कुंपणात यंत्र साधारण सेकंदाला एक झटका देते. व्होल्टेज हजारांत असले, तरी झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी काळ टिकतो. त्यामुळे जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. घरातली वीज थेट तारेत सोडणे हा मात्र गुन्हा आहे. वन्यप्राणी मेला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणि माणूस दगावला तर मनुष्यवधाखाली कारवाई होऊ शकते. गिऱ्हाईक गळ घालील, तरी नकार द्यावा. माकडांना साधे तारकुंपण अडवत नाही, हेही आधीच सांगावे.

हद्दीच्या वादात ठेकेदाराने पडू नये. शेजाऱ्याची तक्रार असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होऊन खुणा पक्क्या झाल्याखेरीज पहिला खड्डा घेऊ नये. वहिवाटीचा रस्ता बंद होत असेल, तर प्रकरण तहसीलदारापर्यंत जाते आणि कुंपण काढावेही लागते.

खरी कमाई देखभालीत आहे. कुंपण एकदा होते, निगा दरवर्षी लागते. सौर तारेला गवत टेकले, की झटका क्षीण होतो. पावसाळ्यात गवत कापणे, कोकणातल्या बागांची बेणणी, उन्हाळ्याआधी वणव्यासाठी जाळरेषा काढणे, ढिली तार ताणणे, ही कामे वार्षिक करारावर घेता येतात. खांब-तारेचे काम मुख्यतः दिवाळी ते मे या काळात चालते. पावसाळ्यातले महिने देखभालच भरून काढते.

सुरुवातीला पहार, फावडे, तार ताणायचे साधन आणि एक ब्रश कटर पुरतो. ब्रश कटर चालवताना खडे उडतात, चष्मा आणि गमबूट अनिवार्य. खड्डे पाडायचे यंत्र आधी भाड्याने आणावे. सामानाचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि हिशेबात स्वतःची मजुरीही धरावी. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के, विशेष गटांना 35 टक्के अनुदानाची तरतूद आहे. पण अनुदानाच्या आशेने यंत्रे घेणे म्हणजे कर्ज अंगावर घेणे. आयटीआयचा वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम या कामात थेट उपयोगी पडतो. त्यानंतर एक पूर्ण हंगाम जुन्या ठेकेदाराकडे मजुरीने काम करावे.

अडचण बहुधा मुलाची नसते. ‘पदवी घेऊन खड्डे खणणार का?’ हा प्रश्न पालकांच्या तोंडचा आणि त्यामागे सोयरिकीची चिंता. उन्हात काम करायची तयारी नसलेल्या मुलाने या वाटेला जाऊ नये, हे खरे. तयारी असलेल्याला केवळ लोक काय म्हणतील म्हणून आणखी एका अटेम्प्टला बसवणे मात्र त्याची उमेदीची वर्षे वाया घालवणे आहे. पालकांनी एक हंगाम मुलाला हे काम करू द्यावे आणि निर्णय हंगामाच्या जमाखर्चावर घ्यावा.