कार्पेट सुकलं, पण पॅडिंग?

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाचं उरलेलं पाणी न्यू जर्सीवर कोसळलं. नेवार्कला त्या एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस झाला. आमच्या बेसमेंटमध्ये जमिनीतल्या ड्रेनमधून उलटं पाणी आलं आणि घोट्यापर्यंत साचलं. सफाई कंपनीची माणसं आली, पाणी खेचलं, मोठे पंखे लावले आणि कार्पेट हाताला कोरडं लागल्यावर ‘झालं’ म्हणून निघून गेली.

थोड्याच दिवसांत कुबट वास सुटला. भारतातून आलेल्या माझ्या आईला खाली बसलं की खोकला यायचा. शेवटी मी कोपऱ्यातलं कार्पेट पकडीने धरून उचकटलं. खालच्या पॅडिंगवर बोट दाबलं तर बोटाभोवती पाणी वर आलं, आणि कार्पेटच्या पाठीवर काळे ठिपके पसरलेले होते.

हे पॅडिंग म्हणजे रंगीबेरंगी फोमचे तुकडे चिकटवून केलेली, जेमतेम अर्ध्या इंचाची गादी. वर कार्पेट, खाली काँक्रीट. हवा जायला वाट नाही. ओल्या वस्तू २४ ते ४८ तासांत सुकल्या नाहीत तर बुरशी धरते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. नळाचं स्वच्छ पाणी सांडलं आणि त्याच दिवशी हात घातला तर कार्पेट वाचतं. तेव्हाही पॅडिंग काढून नवं घालावं, ते स्वस्तच असतं. गटाराचं किंवा पुराचं पाणी असेल तर कार्पेट आणि पॅडिंग दोन्ही टाकायचं. यात काटकसर करू नका. वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

पण काढायची घाईही नको. ओल्या बेसमेंटमध्ये पाय ठेवण्याआधी वीज बंद हवी. ब्रेकरचा बोर्डच खाली असेल आणि तिथवर पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज कंपनीला फोन करा. पेट्रोलवर चालणारा पंप किंवा जनरेटर घरात लावू नका, गॅरेजमध्येही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि बेसमेंट कित्येक फूट भरलं असेल तर सगळं पाणी एकदम उपसू नका. बाहेरची भिजलेली माती भिंतीला रेटत असते, आतल्या पाण्याचा आधार झटकन गेला तर भिंत आत येऊ शकते.

अंगावर एन-९५ मास्क, बाजूने बंद असलेला चष्मा, रबरी बूट आणि जाड हातमोजे हवेत. साधे किचनचे हातमोजे चालत नाहीत, कारण कार्पेटच्या कडेने भिंतीलगत लाकडी पट्टी ठोकलेली असते आणि तिच्यातून बारीक खिळे वर आलेले असतात. घाण पाण्यातला खिळा टोचला तर धनुर्वाताचा धोका. इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आधीच पाहून ठेवा. कार्पेट मागे दुमडताना तळहात भिंतीकडे सरकवू नका.

ओलं पॅडिंग अख्खं उचलायला जाऊ नका, कंबर धरेल. कटरने दोन-तीन फूट रुंद पट्टे कापा, गुंडाळा आणि जाड पिशव्यांत भरून तोंड तिथेच बांधा. उघडे तुकडे जिन्यातून ओढत नेले की घाण पाणी वरच्या घरभर गळतं. लाकडी जमीन असेल तर पॅडिंग स्टेपलच्या पिनांनी ठोकलेलं असतं. गुडघे टेकण्याआधी एकेक पिन पकडीने उपटा. बुरशी दिसत असेल तर हे सगळं काढून होईपर्यंत पंखा लावू नका, नाहीतर तीच घरभर उडेल.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. १९८० च्या आधीच्या घरात पॅडिंगखाली नऊ इंची चौकोनी टाइल किंवा काळा गोंद दिसला तर तिथेच थांबा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, घासू नका, झाडूही मारू नका. प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. आमचं घर साठच्या दशकातलं, त्यामुळे आम्हीही आधी तपासणी करून घेतली.

टाकण्याआधी फोटो काढा, आणि कार्पेट-पॅडिंगचा एकेक तुकडा कापून पिशवीत ठेवा, विम्यासाठी लागतो. मात्र नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही, आणि सरकारी पूरविम्यातही बेसमेंटमधलं कार्पेट धरत नाहीत. ड्रेन उलटण्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं. ते पॉलिसीत आहे का हे पावसाळी वादळांच्या आधीच बघून ठेवा.

जमीन साबणाने धुवा. ब्लीच वापरलंत तर त्यात अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मग डीह्युमिडिफायर चालू ठेवा. काँक्रीट वरून पांढरं दिसलं तरी आत ओल राहते. ती तपासायला दीड फुटी पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन काँक्रीटवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळसर पडलं तर अजून काही अंथरू नका. बेसमेंटमध्ये मी तर पुन्हा कार्पेट घातलंच नाही, टाइल बसवून घेतली.