ऊस आहेच, दहा गुंठ्यांत काजू करून पाहू या



घाटाखालच्या आपल्या सभासदांचा, म्हणजे वैभववाडी-कणकवलीकडच्या मंडळींचा, एक प्रश्न दर हंगामात येतो. "साहेब, उसाच्या जोडीला दुसरे काय करावे?" प्रश्न रास्त आहे. तिकडचा ऊस घाट चढून वर आला तरच त्याचे पैसे होतात. २०२४ साली करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद राहिला आणि गाड्यांना दुसऱ्या वाटा धराव्या लागल्या, हे कोणी विसरलेले नाही. सगळा संसार एका पिकावर नि एका घाटावर टांगून ठेवणे बरे नव्हे.

म्हणून ऊस मोडा, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. पाण्याखालची जमीन उसाचीच. विचार करायचा तो वरच्या वरकस, भरड जमिनीचा, जिथे आज गवताशिवाय काही नाही. तिथे काजू येतो, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या पोरालाही ठाऊक. मग शिकायचे काय राहिले? कोणता काजू लावावा आणि आपल्या जमिनीत तो किती देतो, एवढेच.

वेंगुर्ल्याचा धडा

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने सुरुवात गावच्या झाडांपासूनच केली. अणसूरच्या काजूतून निवड करून 'वेंगुर्ला-१' ही जात १९७४ साली दिली. वेतोऱ्याच्या झाडाचा 'मिदनापूर रेड'शी संकर करून 'वेंगुर्ला-४' आली, ती १९८१ साली. पुढे १९९७ साली 'वेंगुर्ला-७' आली. पहिलीची बी सरासरी सहा ग्रॅमची, चौथीची साडेसात ग्रॅमच्या वर, तर सातवीची सुमारे दहा ग्रॅमची. म्हणजे वेंगुर्ला-७ च्या शंभर बियांत किलो भरतो. बी मोठी की गरही मोठा.

मात्र चांगल्या झाडाची बी पेरली म्हणजे तसेच झाड येईल, असे नाही. काजूत परागीकरण परक्या झाडावरून होते. म्हणून एकाच झाडाच्या दहा बियांची दहा झाडे दहा तऱ्हेची निघतात. यासाठी कलमच हवे. कलम तिसऱ्या वर्षापासून फळू लागते.

प्रयोगाचा तुकडा कसा करावा

१) दहा गुंठेच घ्या. सात-सात मीटरवर वीस कलमे बसतात. दहा वेंगुर्ला-४ ची, दहा वेंगुर्ला-७ ची लावा. दोन्ही एकाच उताराच्या जमिनीत हवीत, नाहीतर जातीतला फरक कोणता नि मातीतला कोणता, हे कळायचे नाही.

२) उन्हाळ्यात दोन फुटी खड्डे खणून माती व शेणखताने भरा. पावसाच्या सुरुवातीला लावणी करा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, काठीचा आधार द्या, आणि जोडाखालची फूट दिसताच काढा. ती राहिली तर कलम मरते आणि आपण खुंटालाच पाणी घालत बसतो!

३) प्रत्येक झाडाला नंबर द्या. आमच्यापैकी एकाने लावताना जातींची नोंद ठेवली नाही. चार वर्षांनी झाडे फळली, पण कुठले कुठले हे सांगता येईना. मेहनत झाली, शिक्षण झाले नाही.

४) नव्या पालवीवर व मोहरावर ढेकण्या येतो, बुंध्यात खोडकिडा. आठवड्यातून एक फेरी मारा.

५) उन्हाळ्यापूर्वी तुकड्याभोवतीचे गवत काढून पट्टा साफ ठेवा. वणव्यात बाग एका दुपारी जाते. उसाचे पाचट पेटवू नये, हे आम्ही नेहमी सांगतोच. शेजारी काजू असेल तर मुळीच पेटवू नका.

६) वहीत दर वेचणीचे वजन, माणसे नि खर्च लिहा. ऊसतोडीच्या शेवटी काजूची वेचणी सुरू होते. तेव्हा घरची माणसे पुरतात का, हेही वहीच सांगेल.

भावाचे काय?

हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उसाला कायद्याने एफ.आर.पी. आहे, काजू बीला तशी नाही. भाव पडला की बागायतदार अडचणीत येतो. म्हणूनच २०२४ च्या हंगामासाठी राज्य शासनाला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. तेव्हा शेजाऱ्याने चार एकर लावले म्हणून आपणही लावू नये. बी नीट वाळवून ठेवता येते, ही त्यातली जमेची बाजू. गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून माल विकला तर चार पैसे जास्त मिळतात. सहकार आपल्याला नवा नाही.

दहा गुंठे फसले तर दहा गुंठ्यांचेच नुकसान. साधले तर वाढवायला तुमचीच वही तुम्हाला सांगेल. केंद्राचे आकडे केंद्राच्या जमिनीचे. आपल्या बांधावरचा आकडा आपणच काढला पाहिजे. तेव्हा यंदा खड्डे खणा, आणि पुढच्या गट सभेला येताना वही बरोबर आणा. आपण मिळून वाचू.