स्पोर्ट्स कारसाठी स्प्रिंग कशी निवडतात?

स्प्रिंगला वजन अडकवून ते थोडे खाली ओढून सोडले, की वरखाली होऊ लागते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच असेल. मोटारीच्या प्रत्येक चाकापाशी हाच प्रयोग सतत चाललेला असतो. फरक एवढाच, की तिथे तो बिघडला तर टायर रस्ता सोडून उचलला जातो, आणि तेवढ्या क्षणापुरते त्या चाकाचे ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात.

आपण एक खरीखुरी गाडी घेऊ. माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. तिचे वजन एक टनाच्या आतबाहेर आणि पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समान वाटलेले. चालक धरून, पण चाके व त्यांच्याबरोबर हलणारे भाग वगळून, प्रत्येक स्प्रिंगच्या वाट्याला सुमारे २२५ किलोग्रॅम येतात असे मानू.

अशी स्प्रिंग सेकंदाला किती आंदोलने करील? भाराने ती किती सेंटिमीटर दबते ते पाहा, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. (गुरुत्वत्वरण ९८० सें.मी. धरून नेहमीच्या सूत्रातून हा ५ मिळतो. स्वतः काढून पाहा.) आरामाच्या गाडीत ही वारंवारता सेकंदाला १ ते १.५ असते, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये साधारण १.५ ते २. आपण १.२ आणि १.८ या दोन किमतींची तुलना करू. १.२ साठी चाकापाशी मीटरला सुमारे १२,८०० न्यूटन इतकी ताठरता लागते आणि स्प्रिंग १७ सें.मी. दबते. १.८ साठी २८,८०० न्यूटन लागतात व ती पावणेआठ सें.मी. दबते. वारंवारता दीडपट करायची, तर ताठरता सव्वादोनपट करावी लागली, कारण वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते.

आता दुकानात जाऊन २८,८०० ची स्प्रिंग मागितली तर फसगत होईल! या गाडीत स्प्रिंग थेट चाकावर उभी नसते. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यावर, थोडी आतल्या बाजूला असते. समजा, चाक ९ सें.मी. उचलले असता स्प्रिंग ६ सें.मी. दबते. म्हणजे स्प्रिंग दोनतृतीयांशच दबली, आणि तरफेच्या नियमाने तिचे बलही चाकापाशी दोनतृतीयांशच पोचले. तोटा दोनदा झाला, म्हणून चाकापाशी ताठरता उरते ती मूळच्या चारनवमांश. याचा अर्थ, स्प्रिंग ६४,८०० न्यूटन प्रति मीटरची हवी. जपानी बनावटीच्या स्प्रिंगांवर हा आकडा किलोग्रॅम प्रति मिलिमीटरमध्ये लिहितात. तिथे तो सुमारे ६.६ होईल.

काही हौशी मंडळी गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकतात. आठ वेढ्यांपैकी एक कापला, तर उरलेली स्प्रिंग ८/७ पट ताठ होते. म्हणजे गाडी खाली येते, पण स्प्रिंग जेमतेम १४ टक्के ताठ होते. दबायला जागा कमी उरल्यामुळे मोठ्या खड्ड्यात गाडी अडणीवर आदळते. चाक पूर्ण खाली लोंबले, की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटूही शकते. स्वस्तातला हा उपाय मला तरी धोक्याचा वाटतो.

आता शॉक अॅब्झॉर्बर. नाव फसवे आहे, कारण धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक अॅब्झॉर्बरचे काम नंतरचे: आंदोलनाची ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलण्यात खर्च करून तिची उष्णता करायची. आंदोलन मुळीच न होता गाडी लवकरात लवकर जागेवर यावी, यासाठी लागणाऱ्या अवमंदनाला क्रांतिक अवमंदन म्हणतात. त्याचे मूल्य वस्तुमान व ताठरता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. आपल्या मऊ स्प्रिंगसाठी ते मीटर-सेकंद वेगाला ३,४०० न्यूटन येते, ताठ स्प्रिंगसाठी ५,१००. मूळचा शॉक अॅब्झॉर्बर क्रांतिक मूल्याच्या ०.३ पट होता असे समजा. एका पूर्ण आंदोलनानंतर विस्तार १४ टक्के उरत असे. नुसती स्प्रिंग बदलली आणि शॉक अॅब्झॉर्बर तोच ठेवला, तर प्रमाण ०.२ वर येते आणि २८ टक्के उरतो! गाडी ताठ झाली खरी, पण उसळू लागली. तेव्हा स्प्रिंगबरोबर शॉक अॅब्झॉर्बरही बदलायला हवा. स्पोर्ट्स कारसाठी ०.५ च्या आसपासचे प्रमाण घेतले, तर एका आंदोलनानंतर जेमतेम ३ टक्के उरतात.

मग अवमंदन वाढवतच का नेऊ नये? खड्ड्याच्या कडेवर चाक अतिशय वेगाने उचलले जाते. तेल तितक्या वेगाने छिद्रांतून जात नाही, आणि धक्का स्प्रिंगला वगळून सरळ गाडीच्या सांगाड्यात जातो.

पुढची-मागची स्प्रिंग सारखी असावी काय? ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना याच गाडीची मागची चाके उंचवट्यावर पुढच्यांनंतर ०.११ सेकंदाने येतात. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवले, की मागची वारंवारता थोडी अधिक ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडीचे डुलणे लवकर थांबते. मात्र आंदोलन एका फेरीतच विरत असेल, तर या नियमाचे महत्त्व कमी होते.

उभ्या गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. तो एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक. दोन-तीनदा हलत राहिला, तर शॉक अॅब्झॉर्बर थकला आहे असे समजा. पण हाताने दाबताना तेल सावकाश वाहते, खड्ड्यात मात्र कितीतरी जलद. म्हणून विकत घेताना शॉक अॅब्झॉर्बरचा वेग आणि बल यांचा आलेख मागून घ्यावा.