ती फाइल लगेच डिलीट नको करूस

तुझा मेसेज वाचला गं. "ताई, टास्क मॅनेजरमध्ये एकच नाव दहा-पंधरा वेळा दिसतंय, लॅपटॉपमध्ये काहीतरी घुसलंय, उडवून टाकू का?" आधी डिलीटच्या बटणावरचं बोट उचल बघू. नाव काय म्हणालीस, एसव्हीसीहोस्ट? अगं, ते विंडोजचंच आहे. पडद्याआडची बरीच कामं त्याच्यामार्फत चालतात, आणि एका वेळी त्याची भरपूर पिल्लं दिसणं हे अगदी नेहमीचं आहे.

पण तुझी शंका काही वेडगळ नाही हं. उपद्रवी प्रोग्रामही हेच नाव लावून येतात. कधी एखादं अक्षर मागेपुढे केलेलं असतं, कधी 'ओ'च्या जागी शून्य. म्हणून नावावर जाऊच नकोस. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस बसला की आत्या विचारतेच ना, "तुम्ही कोणाकडचे?" फाइललाही तेवढंच विचारायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलंस की टास्क मॅनेजर उघडेल. त्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवड. एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मध्ये निघाला तर बहुतेक काळजीचं कारण नाही. तोच टेम्पमध्ये किंवा डाउनलोड्समध्ये सापडला, तर मात्र दाल में काला. ॲपडेटा नावाच्या फोल्डरात दुसरं काही दिसलं म्हणून दचकू नकोस, झूमसारखी साधीसुधी ॲपही तिथेच राहतात.

उडवू नको असं का म्हणते, ते सांगते. २००२ मध्ये जगभर एक ईमेल फिरला होता. जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल शोधा, तिचं चिन्ह छोटंसं टेडी बेअर आहे, तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसला सापडत नाही आणि चौदा दिवसांनी जागा होतो! लोकांनी शोधलं, तर खरंच अस्वल बसलेलं. घाबरून डिलीट केलं आणि ओळखीतल्या सगळ्यांना तोच ईमेल पुढे धाडला. प्रत्यक्षात ती मायक्रोसॉफ्टचीच निरुपद्रवी फाइल होती. व्हायरस नव्हताच कुठे, फाइल उडवायचं काम लोकांनी आपल्या हातांनी केलं. आणि हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या एका अपडेटने एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवलं, आणि विंडोज एक्सपीचे कितीतरी कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू होत बसले. तज्ज्ञांचं हे झालं, तर आपण दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

आता तुझी दुसरी फाइल, ती 'बिल' नावाची, व्हॉट्सॲपवरून आलेली. खरं सांगू का, मला तिचीच जास्त धास्ती वाटते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलच्या नावाची शेपटी दिसेल असं कर. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं, आणि पीडीएफ दिसणारी वस्तू पुढे 'डॉट ईएक्सई' निघते. मे २००० मधला तो 'आय लव्ह यू' व्हायरस याच युक्तीवर पसरला, प्रेमपत्राची टेक्स्ट फाइल वाटायची आणि असायची स्क्रिप्ट. शेपटी ईएक्सई निघाली तर उघडूही नकोस. बिल कधी ईएक्सई असतं का गं?

फाइलवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज. तिथे 'डिजिटल सिग्नेचर्स' असा भाग असेल तर कोणत्या कंपनीची सही आहे ते वाच. सही नसली म्हणजे वाईटच असं नाही, छोट्या प्रोग्रामरांना ती परवडत नाही. विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींनाही तो भाग दिसत नाही. आणि सही असली म्हणून मिठीही मारू नकोस. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रामच्या एका आवृत्तीत चोरून कोड घुसवला होता आणि वर कंपनीची सही अगदी व्यवस्थित होती.

मग जायचं व्हायरसटोटलवर. फुकट आहे आणि सध्या गुगलच्या मालकीचं आहे. फाइल दिलीस की साठ-सत्तर अँटिव्हायरस तिच्याबद्दल काय म्हणतात ते एकाच पानावर येतं. मात्र तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळते, तेव्हा आधार, पगाराची स्लिप, ऑफिसचे कागद असलं काही तिथे ठेवायचं नाही. तसं काही असेल तर पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालव. चौसष्ट अक्षर-आकड्यांची ओळ मिळेल, ती व्हायरसटोटलवर नुसती शोधलीस तरी चालतं. फाइल आधी कोणी तपासलेली असेल तर निकाल दिसतो.

निकाल वाचताना लाल रंग पाहून हातपाय गाळू नकोस. सत्तरपैकी एखाद्या अनोळखी नावाने 'जेनेरिक' म्हटलं असेल तर ती बऱ्याचदा खोटी हाकाटी असते. चार-पाच नावाजलेले एकसुरात 'ॲडवेअर' किंवा 'पीयूए' म्हणत असतील तर ती फाइल नकोशीच समज. कालच तयार झालेल्या फाइलला सगळे हिरवा कंदील देऊ शकतात, तेव्हा तिथे मात्र पूर्ण भरवसा ठेवू नकोस.

पीयूए म्हणजे व्हायरस नव्हे गं, नको असलेला पाहुणा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरच्या पाठीवर बसून येतो, ब्राउझरचं पहिलं पान बदलतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ८०० चुका आहेत" म्हणून पैसे मागतो. मी तर 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबण्यात इतकी तरबेज होते की अर्धा स्क्रीन टूलबारांनीच भरायचा आणि मजकूर वाचायला खिडकीएवढी फट उरायची. याला फाइल हुडकून डिलीट करायची नसते. सेटिंग्जमध्ये ॲप्स उघड, तारखेनुसार लाव, अलीकडचं अनोळखी काय ते बघ आणि रीतसर अनइन्स्टॉल कर. मग विंडोज सिक्युरिटीतल्या 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नकोशी ॲप अडवायची सोय आहे, ती चालू आहे ना बघ. एवढं करूनही लॅपटॉप विचित्र वागत असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लाव. लॅपटॉप आपणहून बंद होऊन परत सुरू होतो, पंधराएक मिनिटं लागतात. त्याआधी उघडी कामं सेव्ह कर हं.

आणि स्क्रीनवर नंबर झळकला, "मायक्रोसॉफ्टला फोन करा", तर फोन करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर नसतो. कोणाला ओटीपी देऊन बसलीच असशील, तर रडत बसू नकोस, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार कर आणि बँकेला कळव.

ते बिल मात्र उघडू नकोस अजून. व्हायरसटोटलचं पान निघालं की त्याचा स्क्रीनशॉट पाठव, फाइल कुठल्या फोल्डरात आहे तेही सोबत लिही.